पिंजऱ्यातली शिट्टी

आमच्याकडे मे महिन्यात सकाळ फार थोडी मिळते. घोडनदीच्या काठचं आमचं गाव, शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. नदीच्या बाजूला नजर जाईल तिथवर ऊस आणि उसात बिबट्या. अंधार असेपर्यंत बिबट्याची भीती आणि उजाडलं की थोड्याच वेळात डोक्यावर ऊन. या दोघांच्या मधे जो चिंचोळा वेळ उरतो, त्यात माझी सगळी नोकरी झाली. मी हायस्कुलात पी.टी.चा शिक्षक होतो. आडनाव शेख, पण गावात नुसतं शेख म्हणून विचारलंत तर घर सापडणार नाही. 'शिट्टीवाले सर' म्हणा, कुत्रंसुद्धा आणून सोडेल.

पी.टी.च्या शिक्षकाला काम नसतं, यावर आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत होतं. एरवी त्या खोलीत चहात साखर किती घालावी यावरसुद्धा एकमत होत नसे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत हीच मंडळी गावाला जाऊन आमरस ओरपत असत तेव्हा मी पहाटे मैदानात उभा असे. कारण साधं आहे. पावसाळ्यात मैदानात चिखल, नंतर लगेच स्पर्धा. पोराच्या छातीत दम भरायचा तर तो उन्हाळ्यातच भरावा लागतो. शिवाय सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी जूनमध्ये असते. तिथे निवड झाली की राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षण सगळं होतं. आमच्यासारख्या गावातल्या धावणाऱ्या पोराला याहून मोठं दार नाही.

बाहेरच्यांना वाटतं, धावायला शिकवायचं म्हणजे काय, 'पळा' म्हणायचं. उन्हाळ्यात खरं काम पळवण्याचं नसतंच, थांबवण्याचं असतं. घाम वाहत असेल तर पोरगं ठीक आहे. घाम थांबला, कातडी कोरडी पडली, बोलणं अडखळलं की समजायचं, ऊन लागलं. मग सावली, ओलं फडकं, पाणी, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सरळ शिरूरचा दवाखाना. मैदानाच्या कडेला एक कडुलिंब आहे. त्याची सावली आखडत आखडत पाण्याच्या पिंपापाशी आली की सराव बंद, हा माझा नियम. पोरांच्या आयांचा नियम वेगळा होता. ऊन लागू नये म्हणून त्या प्रत्येकाच्या खिशात कांदा घालून पाठवत. पोरं पळाली की कांदे मांडीवर आपटत, आणि सराव संपेपर्यंत मैदानाला भेळेच्या गाडीसारखा वास येई.

एका वर्षी रमजान मे महिन्यातच आला. माझा रोजा असे, म्हणून पोरं माझ्यादेखत पाणी प्यायला लाजायला लागली. कुणी तहान दाबून पळे, कुणी पिंपामागे लपून दोन घोट घेई. मला त्यांचं कौतुकही वाटलं आणि घामही फुटला. शेवटी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि सांगितलं, माझ्यासमोर ग्लास रिकामा करायचा.

एक जण म्हणाला, "सर, आमी प्यालो तर तुमाला तहान लागंल की."

"लागू दे. तुझा घाम थांबला तर मला दवाखान्यापर्यंत पळावं लागेल. ते जमणार नाही मला."

त्या महिन्यात माझ्याएवढं दुसऱ्यांना पाणी पिताना कोणी पाहिलं नसेल.

बिबट्याचा बंदोबस्तही आम्हीच शोधला. आमचं मैदान लहान, म्हणून पळायची फेरी मैदानातून निघून पाण्याच्या चारीच्या कडेने, उसाला वळसा घालून परत कडुलिंबापाशी येई. माणसांचा गलका असला की बिबट्या जवळ येत नाही असं वनखात्याचे लोक सांगत. पण धावताना ओरडायचं काय? गाणी लावली तर पोरं नाचत धावत. घोषणा दिल्या तर निवडणूक आली असं समजून लोक बाहेर येत. मग मी पाढे लावले. उसाचा पट्टा आला की सगळ्यांनी बेंबीच्या देठापासून पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा चढत्या आवाजात पंचवीस पोरांनी म्हटला तर बिबट्या काय, मलासुद्धा पळून जावंसं वाटे. गणिताच्या बाई मात्र माझ्यावर जन्मभर खूश राहिल्या.

आता शिट्टीचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. सुरुवातीला एक लांब शिट्टी म्हणजे आणखी एक फेरी आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे थांबा, असा सरळ मामला होता. सोन्या नावाचा आमचा एक लांब उडीवाला होता. त्याने गावच्या जत्रेत हुबेहूब माझ्यासारखी शिट्टी विकत घेतली. तो अंधारात उसाच्या कडेला बसून दोन आखूड शिट्ट्या मारी, आणि सगळी पोरं सराव संपला म्हणून घरी. मला वाटे, पोरं आज लवकर दमली, उष्मा फार आहे. असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी मी शिट्टी तोंडात धरलेली नसतानाच ती वाजली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीही उसात लपून बसलो आणि सोन्याला शिट्टीसकट पकडला.

त्यानंतर नियम बदलला. शिट्टी फक्त पळण्यासाठी. थांबायचं ते मी कडुलिंबाखाली उभा राहून पांढरा टॉवेल हलवला तरच. टॉवेल दिसला नाही तर आभाळ कोसळलं तरी पळत राहायचं. आणि अधूनमधून मी उसात लपून बघणार, हेही सगळ्यांना बजावलं. नियम इतका पक्का झाला म्हणून मला आनंद झाला होता. तो किती पक्का झालाय हे मला पुढे आतून बघायला मिळालं.

त्याच उन्हाळ्यात ऋतुजा आली. नववीची पोरगी, काटकुळी, बोलायला घुमी. पण पळायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. लांब पल्ल्याला लागतो तो दम तिच्यात उपजत होता. मला वाटलं, ही पोरगी जूनच्या चाचणीत सहज निघेल. तिला तसं सांगितल्यावर ती फक्त "व्हय" म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर.

आणि तिसऱ्या दिवशी गायब.

तिचे वडील आप्पा. मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, गावात त्यांचा शब्द चाले. मैदानाला लागून असलेला ऊस त्यांचाच. त्या आठवड्यात त्यांच्या गोठ्यातलं वासरू बिबट्याने नेलं होतं. मी घरी गेलो तर आप्पांनी चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "सर, तुमचा मान हाय मला. पन बिबट्या पिंजऱ्यात पडंस्तवर पोरगी अंधारात घराभायेर न्हाई. उजाडल्यावर येईल ती."

"आप्पा, उजाडल्यावर ऊन असतं. चाचणीला महिना राहिलाय."

"आन् निवड झाल्यावर? पुन्यात ऱ्हायचं ना तिनं? तितं पहाटं कोन हाय तिच्या पाठीशी? ते नंतर बघू. आधी पिंजरा."

मी कप खाली ठेवून उठलो. बापाची भीती खोटी नव्हती.

पिंजरा आला. वनखात्याने तो आप्पांच्या उसाच्या कडेला, आमच्या फेरीच्या लांबच्या वळणावर, जरा आत लावला आणि वर उसाचं वाळकं पाचट टाकून झाकला. पिंजऱ्याचे दोन भाग असतात. मागच्या कप्प्यात शेळी बांधतात, मधे गज असतात, त्यामुळे शेळी सुरक्षित. पुढचा भाग उघडा. बिबट्या आत आला, त्याचा पाय फळीवर पडला की वरून लोखंडी दार खाली. शेळी आप्पांचीच. ते संध्याकाळी बांधत आणि सकाळी येऊन सोडत. पोरांनी तिचं नाव मुख्याध्यापिका ठेवलं, कारण ती एका जागी बसून सगळ्यांवर ओरडे.

बिबट्या काही येईना. ऋतुजा रोज उजाडल्यावर येई. बाकीच्यांचा निम्मा सराव तोवर उरकलेला असे. तिचं पळणं सुरू होई आणि मागून ऊनही चालायला लागे. सावली पिंपापाशी आली की मी टॉवेल हलवी. ती थांबे, पण रोज तिच्या दोन-तीन फेऱ्या राहून जात. तोंडाने काही बोलत नसे, नुसती कडुलिंबाकडे असं बघे की जणू त्याने तिच्या वाटणीचं खाल्लंय.

अशीच एक सकाळ. ऋतुजा नुकतीच पळायला लागली होती आणि वळणाकडून शेळीचं ओरडणं ऐकू आलं. रोजचं नव्हे, जिवाच्या आकांताचं. मी पोरांना एक फेरी लावून दिली आणि तिकडे गेलो. बघतो तर शेळीने मधल्या गजांतून डोकं पुढच्या भागात घातलेलं आणि शिंग अडकलेलं. मागच्या कप्प्याला कुलूप. आता शिकल्यासवरल्या माणसाने काय करावं? आप्पांना बोलवावं. मी पुढच्या दाराने आत गेलो.

शिंग सुटलं. शेळीने डोकं मागे घेतलं. मी खूश होऊन एक पाऊल मागे टाकलं, ते नेमकं फळीवर, आणि खाडकन दार पडलं.

आधी मला हसू आलं. दार उचलून पाहिलं, हललं नाही. मग हसू कमी झालं. हाका मारल्या, पण पोरं नेमकी वळणावर आली होती आणि नियमाप्रमाणे बोंबलून पाढे म्हणत होती. एकोणतीस सक्कं चौऱ्याहत्तराशे. त्या गदारोळात माझी हाक कोणाला ऐकू जाणार? मग मी गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकली.

शिट्टी सगळ्यांना ऐकू गेली. आणि सगळे आणखी एक फेरी मारायला निघून गेले.

मी परत फुंकली. परत एक फेरी. दर वेळी पाचटाच्या फटीतून मला नुसते पाय दिसत. लपलेले सर आज फारच कडक झालेत असं पोरांना वाटत असावं, कारण पाय जोरात पळत होते. माझीच शिट्टी, माझाच नियम, आणि टॉवेल माझ्या खांद्यावर, पिंजऱ्यात. मी शिट्टी खाली सोडली आणि गजांना धरून उभा राहिलो. शेळी माझ्याकडे बघत होती. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे यापूर्वीही असंच बघितलेलं आहे.

हळूहळू पायांचे आवाज कमी झाले. बाकीची पोरं शहाणी, दोन-तीन फेऱ्यांनंतर गुपचूप सावलीला सरकली. मग एकच जोडी पाय येत राहिली. ऋतुजा एकटीच पाढा म्हणत होती. ऊन पाचटातून आत येऊन माझ्या पाठीला चटके देत होतं. कडुलिंबाची सावली पिंपाच्या पार आत गेली असणार हे मला न बघता कळत होतं. आणि मग एका फेरीला तिचा पाढा चुकला. तेव्हा मात्र मी गजांना हिसके द्यायला लागलो. बिबट्याची आठवणसुद्धा राहिली नाही.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली आणि आप्पा शेळी सोडायला आले. पाचट बाजूला करून त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सर?"

"होय."

"तुमी आत कशापायी?"

"आप्पा, ते नंतर. मला राहू द्या इथेच. आधी पोरीला थांबवा. सावलीत बसवा, पाणी द्या. पळा लवकर!"

आप्पा पळाले. मग मोटारसायकलचा आवाज आला. मग त्यांची आरोळी, "ऋतुजाऽ, थांब!" मग पाय, त्यांच्या मागे मोटारसायकल, मग पुन्हा आरोळी. दोन्ही आवाज वळसा घालून लांब गेले आणि परत आले. आप्पा घामाघूम होऊन पिंजऱ्याशी आले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये शंभर माणसं एका नजरेने बसवणारा माणूस, पण चेहरा पडला होता.

"थांबंना वो सर! सरांचा टॉवेल दिसला न्हाई म्हनती!"

मी टॉवेल गजांतून बाहेर दिला. "कडुलिंबाखाली उभे राहा आणि डोक्यावर धरून हलवा. जोरात."

आमच्या गावचे चेअरमन कडुलिंबाखाली उभे राहून दोन्ही हातांनी टॉवेल हलवतायत, हे दृश्य मला बघायला मिळालं नाही याची हळहळ आजही वाटते. पण सोन्याने ते पुढे इतक्या वेळा करून दाखवलं की आता मीच पाहिल्यासारखं आठवतं. ऋतुजा टॉवेल बघून थांबली, सरळ सावलीत जाऊन बसली. तोंड लालबुंद, पण घाम वाहत होता. आप्पांनी स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. लेकीला पळताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं, तेही मोटारसायकलवरून, तिला गाठता येत नसताना.

मग सगळी पोरं मला काढायला आली. दार वजनदार होतं, दहा-बारा जणांनी 'हर हर महादेव' म्हणून उचललं. बाहेर यायच्या आधीच सोन्याने आप्पांच्या फोनवर माझा फोटो काढला होता. दुपारपर्यंत तो शिरूरला पोचला आणि दुसऱ्या दिवशी दौंडच्या बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "सर, तुमाला सोडलं व्हय?"

त्या दिवशी आप्पा शेळी आणि लेक घेऊन तडक घरी गेले. मला वाटलं, संपलं, पोरगी आता उजाडल्यावरही येणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानात गेलो तर अंधारात ट्रॅक्टरचे दोन दिवे भगभगत होते. वर आप्पा, खाली ऋतुजा बुटांच्या नाड्या बांधत होती.

"बिबट्या धरायचा तवा धरतील," आप्पा म्हणाले. "ही काय माज्या हाकंवर थांबत न्हाई. मंग म्हनलं, आपुनच मागं जावं."

चाचणीपर्यंत आप्पा पोरांच्या मागे उजेड पाडत फिरले. ट्रॅक्टरचा धूर पोरांच्या नाकात जायला लागला तेव्हा मी त्यांना मोटारसायकलवर आणलं. पण त्यांची जीभ कोण आवरणार? "ए काळ्या टीशर्टवाल्या, फिरायला आलाय का?" "सोन्या, पाढा चोरतोय तू, आवाज कुठाय?" माझ्या शिट्टीचा जितका धाक नव्हता तितका त्यांच्या हॉर्नचा झाला. पाणी पिताना ते प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून बघत. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.

जूनमध्ये चाचणीला पुण्याला गेलो. पाऊस लांबला होता. पाहुणे उशिरा आले, त्यांची भाषणं झाली आणि लांब पल्ल्याची शर्यत लागली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. एकेक पोरगी गळायला लागली. आमची मात्र पिंजऱ्याच्या दिवसांत ज्या उन्हात रोज पळे त्यापेक्षा हे ऊन फार वेगळं नव्हतं. ती दुसरी आली. निवड झाली.

आप्पा म्हणाले, "म्हंजी मी उजाडल्यावर सोडायचो, त्याचाच फायदा झाला की." मी त्यांना श्रेय घेऊ दिलं.

पण घरच्यांची संमती विचारायला वसतिगृहाच्या प्रशिक्षक बाई आल्या आणि आप्पांचं श्रेय घेणं तिथेच थांबलं. ऋतुजा बुटांकडे बघत उभी. महिनाभराची सगळी मेहनत त्या माणसाच्या एका शब्दावर अडली होती.

आप्पांनी बाईंना विचारलं, "ही थांब म्हनलं तरी थांबत न्हाई. पळतच ऱ्हाती. तुमी काय करनार?"

बाई म्हणाल्या, "तिच्याबरोबर पळेन. थांबेपर्यंत."

आप्पांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांच्या पायातले झिजलेले बूट पाहिले. मग ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं, मग ठेवून घ्या." आणि लगेच तोंड फिरवून गाडीकडे चालायला लागले. ऋतुजा माझ्याकडे बघून हसली आणि मग रडली. मीही तेच केलं, फक्त क्रम उलटा.

येताना आप्पाच गाडी चालवत होते. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तरी एक शिवी नाही. माणूस आजारी पडतोय की काय असं मला वाटलं. रांग हलली, शिरूर मागे पडलं, गावाचा फाटा आला तेव्हा त्यांनी गाडी थांबवली.

"सर, उद्या पहाटं नेहमीच्याच टायमाला ना?"

मला वाईट वाटलं. "आप्पा, ऋतुजा तिकडे राहिली. तुम्ही आता कशाला येताय?"

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी पिंजऱ्यात होतो तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

"काय बोलताय सर? बाकीची पोरं काय बिबट्याला द्यायची व्हय?"